ए-वन, पीआर आणि खडकवासला

बोर्डाचा निकाल लागला की सुरतेत चौकाचौकांत ट्यूशन क्लासचे फलक झळकतात. मुलांचे फोटो, फोटोखाली ‘ए-वन’ आणि शेजारी ९९ च्या पुढचा पीआर. ए-वन म्हणजे ९१ ते १०० गुणांची श्रेणी. पीआर म्हणजे पर्सेंटाईल रँक. परीक्षेला बसलेल्या दर शंभर मुलांमागे किती जण या मुलाच्या मागे किंवा बरोबरीत आहेत, ते सांगणारा आकडा. गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर तो छापूनच येतो. लिंबायत, डिंडोली, नवागाम, उधना या भागांतल्या खानदेशी घरांतही आता ‘मार्क किती पडले?’च्या पाठोपाठ ‘पीआर किती?’ हा प्रश्न येतो.

या दोन आकड्यांवरून मुलाची लायकी ठरवायची सवय इतकी मुरली आहे की, ज्या ठिकाणी ते आकडे कुणी विचारतच नाही, तिथेही मूल आपणहून मागे सरतं. एनडीए, म्हणजे खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, हे त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण. बारावीला साठ-बासष्ट टक्के मिळालेला मुलगा आणि त्याचे आईवडील असं धरून चालतात की लष्करातला अधिकारी होणं हे नव्वदवाल्यांचं काम, आपण फार तर शिपाई म्हणून भरती व्हावं. हा समज साफ चुकीचा आहे. लूमच्या खात्यात बारा तास उभं राहणाऱ्या बापाच्या आणि घरी साड्यांना स्टोन लावणाऱ्या आईच्या मुलाला तो फार महाग पडतो.

नियम अगदी थोडक्यात सांगता येतो. एनडीएच्या लष्कर शाखेसाठी बारावी पास असावं लागतं, कुठल्याही शाखेतून. विज्ञान, वाणिज्य, कला, काहीही चालतं. नौदल आणि हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे विषय हवेत. किमान टक्क्यांची अट या तिन्हींपैकी कुठेही नाही. बारावीत शिकत असलेल्या मुलालाही अर्ज करता येतो. निवड यादी लावताना बारावीच्या गुणांचा एक अंशही मिळवला जात नाही.

मग निवड होते कशावर? केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा लेखी परीक्षा घेतो. गणिताचा पेपर ३०० गुणांचा, सामान्य क्षमतेचा ६०० गुणांचा. या ६०० पैकी २०० इंग्रजीचे आणि ४०० सामान्य ज्ञानाचे. त्यात भौतिक, रसायन, सामान्य विज्ञान, इतिहास, भूगोल, चालू घडामोडी असं सगळं येतं. लेखीतून जे वर येतात त्यांना सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड, म्हणजे एसएसबी, मुलाखतीला बोलावतं. तिचे गुण पुन्हा ९००. एकूण १८०० गुणांवर अंतिम यादी लागते.

आता उंबरठा किती उंच आहे ते पाहा. २०२३ च्या पहिल्या परीक्षेत लेखीचा कटऑफ ९०० पैकी ३०१ होता, २०२४ च्या पहिल्या परीक्षेत २९१. त्याआधी २०२२ च्या पहिल्या परीक्षेत तो ३६० वर गेला होता. अंतिम निवडीचा कटऑफ या तीन परीक्षांत १८०० पैकी अनुक्रमे ६६४, ६५४ आणि ७२० होता. शाळेच्या हिशेबानं हे ४० टक्क्यांच्या वर जात नाहीत. प्रत्येक विषयात किमान गुणांची वेगळी अट असते, ती तेवढी सांभाळावी लागते.

कागद घेऊन हिशेब मांडू. गणितात १२० प्रश्न, वेळ अडीच तास, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिट. बरोबर उत्तराला अडीच गुण, चुकलं तर ०.८३ वजा. समजा एका मुलीनं ५० प्रश्न बरोबर सोडवले, १५ चुकवले आणि उरलेले ५५ कोरे सोडले. तिला १२५ मधून १२.४५ वजा जाऊन ११२.५५ गुण मिळतात. दुसऱ्या पेपरात १५० प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १.३३ वजा. तिथे तिची ६० उत्तरं बरोबर आणि ३० चूक आली तर २४० मधून ३९.९० जाऊन २००.१० उरतात. बेरीज ३१२.६५. म्हणजे एकूण २७० प्रश्नांपैकी ११० बरोबर सोडवणारी ही मुलगी २०२३ आणि २०२४ च्या पहिल्या परीक्षांत लेखीच्या रेषेपलीकडे गेली असती. २०२२ मध्ये मात्र अडली असती. हा ए-वनचा हिशेब नाही. काय येतं आणि काय येत नाही हे स्वतःला नेमकं ठाऊक असणाऱ्या, न येणाऱ्या प्रश्नाला हात न लावणाऱ्या डोक्याचा हा हिशेब आहे. बोर्डाच्या परीक्षेत काहीतरी लिहून ठेवलं तर चार गुण पदरात पडतात, इथे तेच लिहिणं अंगाशी येतं.

यावरून परीक्षा सोपी आहे असं कुणी समजू नये. एका परीक्षेला काही लाख अर्ज येतात आणि जागा चारशेच्या आसपास असतात. खडकवासल्याच्या ३७० जागांपैकी साधारण २०८ लष्कराच्या, ४२ नौदलाच्या, १२० हवाई दलाच्या, आणि शिवाय केरळातल्या एळिमला इथल्या नौदल अकादमीच्या काही. स्पर्धा जबर आहेच. पण ती मार्कशीटवर खेळली जात नाही.

टक्के का विचारत नाहीत, याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. तुलनेला अमेरिका घेऊ. तिथल्या वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत प्रवेश देताना मुलाचा वर्गातला क्रमांक पाहतात. तिथे प्रत्येक अर्जदाराचं एक एकत्रित गुणांकन होतं. त्यात सुमारे ६० टक्के वजन अभ्यासाला, ३० टक्के नेतृत्वाला आणि १० टक्के शारीरिक क्षमतेला असतं. अभ्यासाच्या भागात प्रमाणित चाचणीचे गुण आणि शाळेतला क्रमांक दोन्ही येतात. शिवाय बहुतेकांना काँग्रेसच्या सदस्याचं नामांकन मिळवावं लागतं. तिथल्या हजारो शाळा आपापल्या पद्धतीनं गुण देतात. त्यामुळे निव्वळ गुणांवरून काही कळत नाही, पण आपल्याच वर्गात हा मुलगा कितवा, यावरून थोडंफार कळतं.

आपल्याकडे अडचण तीच होती, उत्तर वेगळं काढलं गेलं. इथे प्रत्येक राज्याचं बोर्ड निराळं, केंद्राचं निराळं. गुजरातचे ८० आणि केरळचे ८० एकाच तराजूत कसे तोलायचे? सुरतेतल्या महापालिकेच्या मराठी शाळेतला पहिला आणि डेहराडूनच्या निवासी शाळेतला विसावा यांत पुढे कोण? आयोगानं या भानगडीत न पडता सगळ्यांना एकच पेपर दिला आणि मागचं सगळं बाजूला ठेवलं. गरीब घरातल्या, साध्या शाळेतल्या मुलाच्या दृष्टीनं मला हा मार्ग अधिक न्यायाचा वाटतो. वर्गातला क्रमांक वर्ग कसा आहे यावर ठरतो, आणि वर्ग निवडणं मुलाच्या हातात नसतं.

सगळ्यांना एकच परीक्षा ही गोष्ट सहजासहजी घडलेली नाही. १९१८ पासून इंग्लंडमधल्या सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात हिंदी तरुणांना वर्षाला १० जागा मिळू लागल्या, तेव्हा घराणं, शिफारस आणि साहेबाची मर्जी यांचं वजन मोठं होतं. १ ऑक्टोबर १९३२ ला डेहराडूनला इंडियन मिलिटरी अकादमी सुरू झाली. तिथल्या पहिल्या ४० जागांपैकी १५ खुल्या स्पर्धा परीक्षेतून भरल्या, १५ पलटणीतल्या जवानांतून आणि १० संस्थानी फौजांतून. स्पर्धेतून आलेल्या त्या १५ जणांत सहावा होता सॅम माणेकशॉ. जन्म अमृतसरचा, पण कुटुंब मूळचं वलसाडचं, सुरतेहून गाडीनं तासाभराच्या अंतरावरचं. पुढे देशाचा पहिला फील्ड मार्शल झालेला हा माणूस सैन्याच्या दारात उभा राहिला तो परीक्षेतल्या क्रमांकाच्या जोरावर.

खरी गफलत बारावीच्या निकालात होत नाही, ती दोन वर्षं आधी होते. दहावीनंतर गुजरात बोर्डात विज्ञान घेणाऱ्या मुलाला साधारणपणे ए ग्रुप किंवा बी ग्रुप निवडावा लागतो. ए म्हणजे गणित, बी म्हणजे जीवशास्त्र. डॉक्टर होण्याच्या आशेनं बी ग्रुप घेतला की नौदल आणि हवाई दलाचा रस्ता त्याच दिवशी बंद होतो. पुढे ९५ टक्के मिळाले तरी गणिताशिवाय तो उघडत नाही. वाणिज्य शाखेचंही असंच. सुरत व्यापाराचं शहर, त्यामुळे कॉमर्सकडे ओढा मोठा. तिथे आकडाशास्त्र, म्हणजे संख्याशास्त्र, आणि नामा, म्हणजे हिशेबलेखन, शिकवतात. एनडीएच्या गणितात मात्र बीजगणित, सारणी आणि निश्चयक, त्रिकोणमिती, भूमिती, कलन, सदिश हे सगळं येतं. संख्याशास्त्र आणि संभाव्यता हा त्यातला एक भाग आहे, तेवढा कॉमर्सच्या मुलाला आधीच येत असतो. बाकीचं त्याला स्वतः बसून शिकावं लागेल. लष्कर शाखेचा अर्ज तो भरू शकतो, पण ३०० गुणांचा पेपर त्याला कुणी माफ करत नाही. म्हणून ‘टक्के किती?’ विचारण्याआधी ‘अकरावीला गणित आहे का?’ हे विचारायला हवं.

भाषेचा मुद्दाही इथेच येतो. आपल्या भागातलं मूल घरात अहिराणी ऐकतं, शाळेत मराठी वाचतं, गल्लीत गुजराती बोलतं आणि टीव्हीवर हिंदी पाहतं. सुरत महापालिका गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू अशा माध्यमांतून शाळा चालवते, ही या शहराची मोठी गोष्ट आहे. पण एनडीएचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत येतो, आणि त्यातले इंग्रजीचे ५० प्रश्न २०० गुणांचे असतात. चार भाषांत सराईत असलेल्या मुलाला पाचवी जड जाऊ नये. मात्र तिची तयारी आठवीपासून व्हायला हवी, बारावीच्या सुट्टीत ती होत नाही.

अधिकारी होण्याचे टक्के विचारणारे मार्गही आहेत, आणि तिथे ते कडकपणे विचारतात. लष्कराच्या टेन प्लस टू टेक्निकल एंट्रीसाठी बारावीला भौतिक, रसायन, गणित मिळून किमान ६० टक्के हवेत आणि जेईई मेन ही इंजिनीअरिंगची प्रवेश परीक्षा दिलेली हवी. बोलावणं जेईईच्या गुणांवरून येतं. नौदलाच्या बीटेक कॅडेट एंट्रीला याच तीन विषयांत ७० टक्के लागतात, दहावी किंवा बारावीच्या इंग्रजीत ५० टक्के लागतात, आणि जेईई मेनचा क्रमांक पाहतात. या दोन्हींना आयोगाची लेखी परीक्षा नसते, म्हणून चाळणी लावायला गुण आणि जेईई धरतात. त्यानंतरची एसएसबी मात्र सगळ्यांना सारखीच.

आता जवानांची अग्निवीर भरती पाहा. जनरल ड्यूटीसाठी दहावीला एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ लागतात. तांत्रिक पदासाठी बारावी विज्ञानला ५० टक्के आणि विषयवार ४०, क्लार्कसाठी बारावीला ६० आणि विषयवार ५०. म्हणजे ज्या मुलानं ‘आपले टक्के कमी’ म्हणून अधिकाऱ्याच्या परीक्षेचा विचार सोडला आणि शिपाई भरतीची वाट धरली, त्याला टक्क्यांची अट लागते ती भरतीत. एनडीएत ती नव्हतीच. जवान होणं कमी प्रतीचं आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. ज्याला ते मनापासून हवं त्यानं अभिमानानं व्हावं. पण चुकीच्या माहितीपायी अधिकाऱ्याचा अर्जच न भरणं, ही निवड म्हणता येत नाही.

लेखी पार पडली की मार्कशीट पुन्हा समोर येते, निराळ्या रूपात. एसएसबीला गेल्यावर एक माहितीपत्रक भरून घेतात, त्याला सगळे पीआयक्यू म्हणतात. त्यात आईवडिलांचं शिक्षण, व्यवसाय, उत्पन्न, आणि खाली दहावी, बारावीचे टक्के, शाळा, माध्यम, वसतिगृहात होता की घरून जात होता, असे रकाने असतात. मुलाखत घेणारा अधिकारी तो कागद पुढ्यात ठेवूनच बोलतो. दहावीला ७८ आणि बारावीला ६१, हे का झालं? आवडता विषय भौतिकशास्त्र लिहिलाय, मग त्यातच सगळ्यात कमी कसे? या प्रश्नांना सरळ उत्तर हवं असतं. वडिलांच्या खात्यात मंदी आली, मी संध्याकाळी दुकानात जात होतो, त्या वर्षी अभ्यास मागे पडला, हे खरं असेल तर तसंच सांगावं. क्लासवाले पढवून देतात ती गुळगुळीत उत्तरं दोन उपप्रश्नांत उघडी पडतात. टक्के कमी आहेत म्हणून मुलाखतीत गुण कापायचा कुठलाही तक्ता नाही. पाहतात ते एवढंच की हा मुलगा स्वतःच्या आयुष्याकडे कसं बघतो.

एसएसबीची ही पद्धत दुसऱ्या महायुद्धात आली. ब्रिटनमध्ये १९४२ साली लक्षात आलं की केवळ मुलाखत घेऊन, शाळा आणि घर विचारून निवडलेले उमेदवार प्रशिक्षणातच मोठ्या संख्येनं गळतात. तेव्हा मानसशास्त्रज्ञ, मैदानावर गटाचं काम पाहणारा अधिकारी आणि मुलाखतकार अशा तिघांनी स्वतंत्रपणे पारखायची रीत बसवली. १९४३ मध्ये ती डेहराडूनला आली, आणि आजही सांगाडा तोच आहे. पहिल्या दिवशी बुद्धिचाचणी आणि एक धूसर चित्र. चित्र ३० सेकंद दिसतं, चार मिनिटांत गोष्ट लिहायची, मग गटात तीवर चर्चा. त्याच संध्याकाळी बरेच जण परतीच्या गाडीत बसतात. राहिलेल्यांना पुढे साठ शब्द दाखवतात, एकेका शब्दाला १५ सेकंद, मनात येईल ते वाक्य लिहायचं. साठ प्रसंग देतात, अर्ध्या तासात प्रत्येकात काय कराल ते लिहायचं. मैदानावर फळी, दोरी आणि ओंडका घेऊन गटानं अडथळा ओलांडायचा, पुढारी कुणी नेमलेला नसतो. भावंडांना सांभाळलेला, गणपती मंडळाची वर्गणी गोळा करून हिशेब दिलेला, घरातलं दुखणं निस्तरलेला मुलगा इथे कुणापेक्षा कमी नसतो. हवाई दलाचं एक निवड मंडळ गांधीनगरला आहे. पहिल्यांदा जाणाऱ्या उमेदवाराला थ्री टायर एसीचं येण्याजाण्याचं भाडं सरकार देतं, हेही पुष्कळ घरांना माहीत नसतं.

क्रमांकाला खरी किंमत येते ती यानंतर. १८०० गुणांच्या यादीत मुलगा कितवा आणि त्यानं पसंती काय दिली, यावर त्याला लष्कर, नौदल की हवाई दल ते ठरतं. खडकवासल्यात तीन वर्षांत सहा सत्रं असतात, पदवी जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची मिळते. अभ्यासात नापास झालेल्याला एक सत्र मागे ढकलतात. एकूण गुणवत्तेत पहिला येणाऱ्याला राष्ट्रपती सुवर्णपदक मिळतं, आणि लष्करात जाणाऱ्यांची पुढे डेहराडूनला अखेरच्या गुणवत्ता क्रमावर त्या तुकडीतली आपसांतली ज्येष्ठता लागते. शाळेचे टक्के विसरणारी ही व्यवस्था आतल्या प्रत्येक गुणाची नोंद मात्र ठेवते. म्हणून वाचायची आणि बैठक मारायची सवय नसलेला मुलगा नशिबानं आत शिरला तरी त्याची ओढाताण होते. टक्के विचारत नाहीत याचा अर्थ अभ्यास लागत नाही असा कुणी लावू नये.

लहान मुलं असलेल्या पालकांसाठी सैनिक शाळेचा एक मार्ग आहे. सहावीच्या प्रवेश परीक्षेचा पेपर ३०० गुणांचा, त्यात निम्मे, १५०, गणिताचे. ही परीक्षा मराठीतूनही देता येते. नववीची फक्त इंग्रजीत असते. इथेही शाळेतले टक्के विचारत नाहीत. पण सुरतेतल्या आपल्या लोकांचं घोडं अडतं ते रहिवासाच्या दाखल्यावर. सैनिक शाळेत ६७ टक्के जागा त्या राज्याच्या मुलांना असतात. मुलाचा अधिवास गुजरातचा असेल तर जामनगरजवळची बालाचडी ही त्याची हक्काची शाळा. दुसऱ्या महायुद्धात जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी पोलंडच्या निर्वासित मुलांना जिथे आसरा दिला, त्याच जागी ती उभी आहे. साताऱ्याची शाळा मग त्याला परराज्याची ठरते. उलट छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था, १९७७ पासून एनडीएची तयारी करून घेणारी, महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहे. गावी रेशनकार्ड, इथे आधार, मुलाची शाळा सुरतेत, अशी कागदपत्रं विखुरलेली असतील तर ती पाचवीतच एका जागी आणावीत.

मुलींनाही हा रस्ता खुला झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२१ च्या आदेशानंतर त्यांना परीक्षेला बसता आलं. २०२२ मध्ये पहिली तुकडी खडकवासल्यात दाखल झाली आणि ३० मे २०२५ ला १७ मुली तिथून दीक्षांत संचलन करून बाहेर पडल्या. मुलींना अर्जाचं शुल्कही नाही. मुलांनाही ते फक्त १०० रुपये आहे.

शेवटी वयाचं गणित, कारण मुलं टक्क्यांवर नाही, इथे बाद होतात. प्रशिक्षण सुरू होताना वय साडेसोळा ते साडेएकोणीस हवं. परीक्षा साधारण एप्रिलमध्ये आणि सप्टेंबरमध्ये असते, अर्ज त्याच्या चार महिने आधी निघतात. किती वेळा बसायचं यावर बंधन नाही, बंधन फक्त वयाचं. ऑगस्ट २००८ मध्ये जन्मलेला आणि मार्च २०२६ ला बारावीची परीक्षा देणारा मुलगा धरा. त्याला सप्टेंबर २०२५, एप्रिल २०२६, सप्टेंबर २०२६ आणि एप्रिल २०२७ अशा चार संधी मिळतात. सप्टेंबर २०२७ च्या परीक्षेचं प्रशिक्षण सुरू होईपर्यंत त्याचं वय उलटलेलं असतं. आधी टक्के कळू देत, मग ठरवू, असं म्हणून जो बारावीच्या निकालापर्यंत थांबतो, त्याच्या हातून या चारांतल्या दोन संधी तोवर गेलेल्या असतात.